हस्तिदंती मुठीवरची हळद

परवा दुपारी दुबईत मुलाच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या घरी माझ्या शिवणयंत्राला तेल घालत बसले होते. यंत्र जुनंपानं, पण मी हट्टानं बरोबर बाळगलेलं. सून म्हणते, "आई, ते आता अँटिक झालंय हो," आणि मी म्हणते, "मग काय, मीही झालेच आहे की!" बाटलीचं टोपण उघडलं आणि त्या पातळ, पाण्यासारख्या तेलाचा वास खोलीभर झाला. नात दारातून नाक मुरडत म्हणाली, "आजी, व्हॉट इज दॅट स्मेल?" मी म्हटलं, "मशीनचं तेल गं, बाळा." "ओके," म्हणून ती गेलीसुद्धा. तिला काय सांगणार, की माझ्या नाकाला तो वास शिवणयंत्राचा वाटतच नाही, रिव्हॉल्व्हरचा वाटतो! दचकू नका. मी काही टोळीत वगैरे नव्हते. मी जी रिव्हॉल्व्हरं पाहिली ती सगळी म्हातारी, निवृत्त आणि अतिशय सभ्य होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अल कुसैसमध्ये माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, मशीन शॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिल, व्हाइस बसवलेली लांबलचक टेबलं, आणि पुढे काचेच्या खिडकीची एक चिमुकली ऑफिसची खोली. त्या खोलीत मी बसायची. कोटेशनं टाइप करायची, फोन घ्यायची, चहा आला की सगळ्यांना हाका मारायची. "आमचे हे" रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात होते आणि शुक्रवारी घरी यायचे. बाकीचे दिवस मी, थोरल्या जाऊबाई, भाऊजी आणि मुलं असा आमचा एकत्र संसार, सीमेपलीकडे शारजा दिसेल अशा एका फ्लॅटमध्ये. भाऊजी कमालीचे अबोल. बोलायचं सगळं काम जाऊबाईंनी अंगावर घेतलेलं, आणि त्या ते मनापासून करायच्या.

इथे त्या काळी धंदा करायचा तर लायसन्सवर तिथल्या नागरिकाची सही लागायची. आमच्या शॉपवर ज्यांची सही होती ते मूळचे रास अल खैमाचे एक वयस्क गृहस्थ. मालकाला इथे अर्बाब म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना अर्बाबच म्हणायचो. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, अंगात कायम परीटघडीचा पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा. हिंदी छान बोलायचे, फक्त आपल्या व्याकरणाला न जुमानता. स्वभाव मऊ होता. पण शेवटी त्यांच्या एका सहीवर आमचं शॉप, शॉपवर आमचे व्हिसा, व्हिसांवर मुलांच्या शाळा आणि गावाकडची बांधकामं असं सगळं एकावर एक रचलेलं होतं. त्यामुळे ते कितीही प्रेमानं बोलले तरी आमच्या पाठीचे कणे आपोआप ताठ व्हायचे.

या अर्बाबांना नाद होता जुन्या रिव्हॉल्व्हरांचा. रीतसर परवानगीचा. सगळी हत्यारं घोड्याचं टोक घासून कायमची मुकी केलेली. चाप कितीही ओढा, नुसतं टिक् व्हायचं. त्यांचा पठाण ड्रायव्हर सकाळी लाकडी पेटीतून एखादं रिव्हॉल्व्हर घेऊन यायचा, दिवसभर दारात खुर्ची टाकून पहारा करायचा आणि संध्याकाळी ते परत घेऊन जायचा. मुक्कामाला काही ठेवायचं नाही, हा नियम. कुणाची नळी गंजलेली, कुणाचं गोळ्यांचं फिरतं सिलिंडर अडकलेलं, कुणाची स्प्रिंग मेलेली. भाऊजी त्यांना असे हातात घ्यायचे की बघत राहावं! आधी कापसानं तेल लावून नुसतं ठेवून द्यायचे. "गंजाला घाई केली की तो लोखंड घेऊन जातो," म्हणायचे. कधी काळी कुणी अडाण्यानं चुकीच्या पेचकसानं स्क्रूची खाच चेचून ठेवलेली असायची, ती पाहून भाऊजींचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. मग त्या एका खाचेच्या मापाचा पेचकस ते स्वतः घासून तयार करायचे. तेवढ्याच कामापुरता! चकाचक करणं मात्र त्यांना मंजूर नव्हतं. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, जरा पॉलिश मारा की, नव्यासारखं दिसेल." तर म्हणाले, "जुनं ते जुनंच दिसू द्यावं. आजारी दिसू नये, एवढंच आपलं काम." मला ते वाक्य इतकं आवडलं, की वय झाल्यावर आरशात बघताना मी ते स्वतःलाच ऐकवते.

त्या वर्षी अर्बाबांनी त्यांच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर पाठवलं. मधून दुमडून उघडणारं, विलायती, आणि मुठीला दोन्ही बाजूंनी हस्तिदंती पट्ट्या. तोपर्यंत ते त्यांनी कुणाच्या हाती दिलेलंच नव्हतं. घरात थोरल्या मुलाचं लग्न निघालं होतं, आणि पाहुण्यांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या दालनात, ते काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. भाऊजींनी पट्ट्या सोडवल्या, त्यांच्यावरचं वर्षानुवर्षांचं तेल आणि मळ हलक्या हातानं काढला, आणि मेण द्यायचं उद्यावर ठेवलं. ड्रायव्हर संध्याकाळी लोखंड घेऊन गेला. पट्ट्या म्हणजे काही हत्यार नव्हे, म्हणून त्या हिरव्या फडक्यावर टेबलावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी.

आता तुम्हाला अंदाज आलाच असेल. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शॉपमध्ये आम्ही लेथ, ड्रिल, पाने, कानशी असं सगळं पुजायचो. जाऊबाई मीना बाजाराजवळच्या गल्लीतून झेंडूची फुलं आणायच्या आणि चांगली सढळ पूजा करायच्या. ओल्या हळदीचं दाट बोट, वर कुंकू, अक्षता, फूल. त्यांची नजर त्या हिरव्या फडक्यावर गेली आणि डोळे चमकले. "इतकी वर्षं पाने आणि पकडी पुजतेय मी! आज खरं शस्त्र आलंय!" मी म्हटलं, "अहो जाऊबाई, शस्त्र तर गेलं काल." "गेलं तर गेलं. मूठ तर आहे ना?" असं म्हणून त्यांनी दोन्ही पट्ट्यांना एकेक ठसठशीत बोट लावलं, वर ओला झेंडू ठेवला आणि हात जोडले. भाऊजी तेव्हा मागे कंप्रेसरपाशी होते. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नारळ फोडला, कुलूप लावलं आणि पेढे खात आम्ही घरी आलो.

दसऱ्याच्या सकाळी भाऊजींनी झेंडू उचलला. तेल काढून कोरडा केलेला तो हस्तिदंत तहानलेलाच होता. रात्रभर त्यानं हळद पोटभर पिऊन घेतली होती. पांढऱ्या सायीवर कुणी वरण सांडावं तसे दोन मोठे पिवळे डाग. भाऊजी नुसते स्टुलावर बसले. जाऊबाईंनी मात्र काही कळायच्या आत पट्टी उचलली, मोरीवर नेली आणि साबणाचा हात फिरवला. अगं बाई! हळदीला साबण लागला की काय होतं ते आपल्याकडे कुणालाही विचारा. डाग लालभडक झाला. आता हळदीऐवजी कुंकवात बुडवल्यासारखी दिसणारी ती पट्टी हातात धरून जाऊबाई मटकन खाली बसल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

आम्ही हबकलो होतो ते नुसत्या डागानं नव्हे. दुसऱ्याच्या वडिलांची वस्तू, तीही त्यांच्या देशात राहून, न विचारता आपण आपल्या देवाच्या रीतीनं पुजली, याचा त्यांना राग आला तर? धर्माचं प्रकरण केव्हा कसं पेटेल कोण जाणे! नवा हस्तिदंत आणावा तर त्याला बंदी, आणि आणला तरी तो त्यांच्या वडिलांच्या हातातला कुठला? भाऊजी फक्त एवढंच म्हणाले, "सही काढून घेतली तर महिन्याभरात घरी." त्या दिवशी घरात श्रीखंड होतं, एकाच्याही घशाखाली उतरलं नाही.

लिंबू भाऊजींनी लावू दिलं नाही, दाताला आंबट लागतं तसं हस्तिदंतालाही लागतं म्हणाले. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं लाली उतरून पुन्हा पिवळेपण आलं, तेवढाच दिलासा. शेवटी जाऊबाईच डोळे पुसत म्हणाल्या, "हळदीचा डाग उन्हात जातो. लेकरांची झबली नाही का आपण दोरीवर टाकत?" भाऊजी म्हणाले, "इथल्या उन्हात टाकलं तर डाग राहील बाजूला, हस्तिदंत तडकेल." मग तोड निघाली ती अशी: माझ्या टेबलाजवळची काचेची खिडकी. बाहेर ऊन, आत एसी. पट्ट्या काचेला लगटून ठेवायच्या, म्हणजे उजेड लागेल पण भाजणार नाही. मी टाइप करता करता त्यांना पापडासारखी उलटायची. रोज सकाळी आम्ही तिघं डोकी जुळवून बघायचो. "कमी झाला ना?" "झाल्यासारखा वाटतो." "वाटतो की झाला?" जरा जरा फिका होत होता खरा, पण किती सावकाश!

मधल्या काळात अर्बाबांचे फोन यायचे आणि ते घ्यायला मी. "मेरा काम हो गया?" मी गोड आवाजात, "बुकरा अर्बाब, इन्शाल्ला!" म्हणजे उद्या. इथे बुकरा या शब्दावर अख्खी वर्षं काढता येतात म्हणतात, पण तो त्यांनी आपल्याला म्हणायचा असतो. आपण त्यांना म्हणायचा नसतो. पुढे पुढे फोनवर ते नुसतंच "हं" म्हणायला लागले. ते "हं" ऐकलं की मी फोन ठेवून आधी पट्ट्या उलटायची.

आणि एका दुपारी ऑफिसचं दार उघडलं तर समोर साक्षात अर्बाब. ड्रायव्हर मागे, हातात ती पेटी. "फोन पे रोज बुकरा, बुकरा," ते शांतपणे म्हणाले. "आज बुकरा हो गया?" भाऊजी हात पुसत आले, खिडकीतून पट्ट्या उचलल्या आणि सरळ त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "अर्बाब, गलती हो गया. हमारा त्योहार था, हल्दी लगाया, पूजा किया. दाग पड़ गया." एका दमात. आयुष्यात इतकं सलग बोललेलं मी त्यांना ऐकलं नव्हतं. मागून जाऊबाई पदर खोचून पुढे आल्या. "उन्होंने नहीं लगाया. मैंने लगाया."

अर्बाबांनी पट्ट्या उजेडात धरल्या. कडेवरून नख फिरवलं. "टूटा नहीं?"

"नहीं अर्बाब."

"क्रॅक?"

"नहीं."

"ये वोही है ना? मेरा बाप वाला?"

"वोही है."

ते माझ्याच खुर्चीत बसले. "अल्हम्दुलिल्ला," म्हणाले, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं त्यांनी चक्क डोळे टिपले. मग हळूहळू बोलायला लागले. त्यांना वाटलं होतं, हस्तिदंत फुटला आणि भाऊजी सांगायला घाबरतायत. नंतर त्याहूनही वाईट शंका यायला लागली, की विकला. "रास्ते में मैं सोचता था, ऐसा होगा तो मैं इस आदमी को क्या बोलेगा? मेरे को बोलना नहीं आएगा." आणि मग एकदम हसले. "हल्दी! बस हल्दी?" त्यांनी आपल्या शुभ्र कंदुऱ्याची बाही उलटून दाखवली. आतल्या काठाला अस्सल पिवळा डाग. "हमारा घर में रोज मच्छी, रोज हल्दी. औरत लोग धूप में डालता है, खलास!" जाऊबाईंनी मोठ्यानं "अगं आई गं!" म्हटलं, आणि त्या रडत रडतच हसायला लागल्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पूजा करून या वस्तूकडे मागता काय? जाऊबाई म्हणाल्या, "मांगने का कुछ नहीं. साल में एक दिन इनको आराम. हाथ नहीं लगाने का." अर्बाबांचा अंगठा पट्टीवरच्या एका गुळगुळीत खळग्यात जाऊन बसला. आम्ही तो खळगा पाहिला होता, आणि बाप मोठा शूर असणार असं ठरवून टाकलं होतं. ते म्हणाले, "मेरा बाप ने इससे एक गोली नहीं मारा. उसको डर लगता था तो ये पकड़ के बैठता था, अंगूठा घिसता था." मग पट्ट्या भाऊजींच्या हातात दिल्या. डाग अजून पुरता गेला नव्हता, भाऊजींनी आणखी थोडे दिवस मागितले, तर हात झटकून म्हणाले, "खल्ली वल्ली, जाने दो! आज ही लगाओ." भाऊजींनी तिथेच मेण दिलं, स्क्रू बसवले, आणि रिव्हॉल्व्हर लग्नाला गेलं.

पुढे दरवर्षी नवरात्र लागलं की ड्रायव्हरचा फोन यायचा, "तुम्हारा वो आराम का दिन कौन सा है?" त्या दिवशी ते काम पाठवायचे नाहीत. नव्या शतकाच्या सुरुवातीला भाऊजींचे हात कापायला लागले, शॉप दुसऱ्याला दिलं, ते दोघं मिरजेला परतले. अर्बाबही गेले. त्यांचा संग्रह आता कुणाकडे आहे, ठाऊक नाही. माणसं गेली, शॉपच्या जागी आता टायरचं दुकान आहे, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मनात राहिला आहे तो फक्त त्या दुपारचा सुटकारा. फोनच्या एका टोकाला मी घाबरून "बुकरा" म्हणत होते आणि दुसऱ्या टोकाला तो म्हातारा माणूस घाबरून "हं" म्हणत होता, हे कळल्यावर आलेला. आम्ही सगळे इतके दिवस त्याच्या सहीला भीत होतो, आणि तो भीत होता, एक चांगला माणूस गमावण्याला. त्या संध्याकाळी घरी जाताना जाऊबाईंनी पुन्हा चक्का आणला, दसरा उलटून गेला होता तरी. भाऊजींनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं. त्यानंतर या देशात मी पुष्कळ वर्षं काढली, अडचणीही आल्या, पण तशी घाबरले मात्र कधीच नाही.