दारामागची पट्टी

मी शिकवतो त्या अमेरिकन शाळेत बाथरूमला जायचं तरी सरांना विचारून वर्गाच्या दारामागची परवानगीची लाकडी पट्टी गळ्यात अडकवावी लागते. सतरा वर्षांच्या मुलांनासुद्धा! स्टुडंट एक्सचेंजवर वर्षभरासाठी हॉलंडहून आलेली योहाना पहिल्या दिवशी तास चालू असताना सरळ उठून निघाली. अडवलं तर हसली. "सर, यालाही परवानगी?" वाटलं, ही पोर आम्हाला काहीतरी शिकवून जाणार.

आज फळ्याकडून वळलो, तर ती हात वर करून, पाय आवळून बसलेली. कधीपासून, कोण जाणे. "अगं, जा!" तिने मुकाट्याने पट्टी गळ्यात घातली. "थँक यू, सर."

देवाणघेवाण म्हणे! घेतलं काय आम्ही? पुढच्या महिन्यात ती घरी जाईल. तिथल्या दारामागे पट्टी नसेल. ती मात्र उठण्याआधी दारामागे बघेल.