मामाची टकटक

माझा मामा न्हावी. तीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभा राहून त्याने लोकांच्या माना वाकवल्या, स्वतःची कधी वाकवली नाही. गेली काही वर्षं मात्र ती फोनवर कायमची वाकलीय. कात्री अर्ध्यात थांबवून तो कुणाच्या तरी मांजराच्या फोटोवर बोटाने दोनदा टकटक करून लाइक देतो आणि गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी ताटकळतं. मला याचा भयंकर राग येतो, कारण ते अर्धं डोकं दोनदा माझं होतं.

"हे व्यसन आहे," मामी म्हणते.

"व्यसन म्हणजे दारू!" मामा वस्तरा नाचवतो. "हात बघ, थरथरतोय का?"

शेवटी मामीने डॉक्टरांना गाठलं. त्यांच्या डोक्यावर एक केस नाही, पण दाढीला नेमाने मामाकडेच येतात. ते म्हणाले, "याला खरं व्यसन म्हणावं का, यावर आमच्यातच एकमत नाही, वहिनी. एक दिवस फोन काढून घ्या आणि बघा."

मामा-मामीत पैज लागली: रविवारभर फोनशिवाय मामा ताळ्यावर राहतो की नाही. मामी हरली तर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. मामा हरला तर जेवताना फोन कपाटात. जेवताना कुणीतरी आपल्याशी बोलावं, एवढंच त्या बाईला हवं होतं.

रविवारी फोन मामीच्या पर्समध्ये आणि मामी दुकानातल्या बाकावर, माझ्या शेजारी. मामा मजेत शीळ घालत होता. अंगठा तेवढा गिऱ्हाइकांच्या मानेवर खालून वर, खालून वर सरकत होता. एकजण मालिश समजून चक्क घोरायला लागला.

दुपारी डॉक्टर आले. दाढी झाली. मामाने टॉवेलने त्यांचं टक्कल पुसलं. ते लखलखलं. मामा क्षणभर बघत राहिला आणि त्याचं बोट त्यावर दोनदा पडलं. टकटक.

"हे काय?" डॉक्टर दचकले.

"आवडलं," मामा बोलून गेला.

"वहिनी, माझ्यापुरतं एकमत झालं."

मी बाकावरून पडायचा बाकी होतो.

संध्याकाळी फोन कपाटात गेला. मामा पानावर बसला, शेजारी मी. भिंत बघून झाली, पंखा बघून झाला, मग त्याने मामीकडे बघितलं.

"तू चष्मा कधी लावलास गं?"

"तीन वर्षं झाली."

मामाचा घास हातातच राहिला. मलाही हसू आलं नाही. मग त्याने हात पुढे केला आणि मामीच्या मनगटावर हळूच दोनदा टकटक केलं.

"जेवा आता," मामी म्हणाली. पण हात मागे घेतला नाही.