पावण्यांपुढं वाचलेला पेपर

आमच्याकडं मुलगी बघायला आले की पावणे तिला पेपर वाचायला लावायचे. नजर बरी आहे का, जीभ अडखळते का, शिकली म्हणतात ते खरं का, सगळं एका दमात कळतं म्हणून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्यावर ही पाळी आली, तेव्हा कितीतरी दिवस आधीच मला जेवण जाईना.

मला वाचता यायचं नाही. एकेक अक्षर ओळखायचे, पण ओळ सुरू झाली की अक्षरं जागेवर थांबायचीच नाहीत. शाळेत मला ढ म्हणायचे. वडिलांना मात्र ते पटायचं नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं, तिथं बिघडलेला पंप मी खोलून परत जोडायचे. "हिला सगळं येतंय, नुसती सोंगं करती," असं ते येईल त्याला सांगत. दहावी नापास झाले, तेही त्यांच्या मते सोंगच.

आईला खरं काय ते माहीत होतं. तिनं आदल्या दिवशीच्या पेपरातली ऊसगाळपाची बातमी मला वाचून दाखवली आणि भाजी निवडता निवडता माझ्याकडून पाठ करून घेतली. ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. तोच पेपर घडी घालून तिनं टीपॉयवर ठेवला. वडिलांना यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

पावणे बिद्रीचे. मुलाच्या चुलत्यांनी टीपॉयकडं बघितलंसुद्धा नाही. येताना स्टँडवर घेतलेला स्वतःचा पेपर पिशवीतून काढला आणि माझ्या हातात दिला. माझी पाचावर धारण बसली. तोंडातून जे पाठ होतं तेच बाहेर पडायला लागलं. कारखान्याचा हंगाम, साखरेचा उतारा, अध्यक्षांचं भाषण, सगळं घडाघडा.

चुलते उठून माझ्या मागं आले आणि पेपरात डोकावले. "ह्या पानावर तर नुसत्या जाहिराती हायत. आमची चेष्टा करतीस व्हय गं?" पोहे तसेच टाकून सगळे निघून गेले.

कधी अंगाला हात न लावलेल्या माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी मला पंपाच्या पट्ट्यानं मारलं. "मला वाचाय येत न्हाई, आप्पा," मी म्हणत होते. "मग ते घडाघडा काय म्हणलीस? मुद्दाम लगीन मोडलंस तू." आईचं नाव मी घेतलं नाही, तिलाही मार बसला असता. तिचीही सांगायची हिंमत झाली नाही, अगदी मरेपर्यंत.

पुढं मला सीमेकडच्या एका खेड्यात दिलं. वडील माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचे. दुकानाची पायरी मला बंद झाली, ते मला माराहून जास्त लागलं.

दोन हजार सालानंतर लेक शाळेत जायला लागली. तीही माझ्यासारखीच. मुलांच्या वाचायच्या अडचणी बघणाऱ्या कोल्हापुरातल्या एका बाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी. डिस्लेक्सिया म्हणतात याला. वाचायची रीत वेगळी, शिकवायचीही वेगळी हवी." मग माझ्याकडं बघत विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मला रडूच आवरेना.

तिथनं उठले ती तडक दुकानात गेले. वडिलांना सगळं सांगितलं, पाठांतराचंही. ते हातातलं बेअरिंग पुसत बसले.

"म्हंजे मुद्दाम न्हवतं?"

"न्हाई, आप्पा."

"मग मारलेलं फुकटच की."

मी एवढी वर्षं ह्याच वाक्यासाठी थांबले होते. वाटलं, आता तरी मला जवळ बसवतील, पूर्वीसारखं हक्कानं खेकसतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्ची पुढं सरकवली आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं विचारलं, "चहा... घेणार... का... तू?" दुकानातल्या पोराला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला जरा सांभाळून रस्ता पार करून दे. तिला कळत न्हाई."