कोरीटच्या कारभाऱ्यांचं घड्याळ

सोन्याचं घड्याळ घ्यायचं माझ्या डोक्यात शिरलं ते नंदुरबारच्या जिनिंगमध्ये. कापूस घेऊन गेलो की तिथं सुरतेचा एक व्यापारी गादीवर बसलेला असायचा. भावाची बोलणी सुरू होण्याआधी तो बाही जरा मागे सारायचा आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. वेळ बघायचं त्याला काही कारण नसे. पण त्याच्या त्या बघण्यानं समोरचा शेतकरी गडबडून जायचा आणि लवकर हो म्हणायचा. मीही तसा बऱ्याचदा हो म्हणालो होतो.

साठ सालाच्या पुढची ही गोष्ट. तापीकाठी आमची जमीन. इंजिन बसवून नुकतीच केळी लावली होती आणि पहिलंच पीक चांगलं गेलं होतं. लग्न झालेलं, घरात थोरल्या भावाचा शब्द चालायचा, पण केळीचा पैसा माझ्या मेहनतीचा म्हणून त्यातला काही भाग मी माझ्या मनासारखा खर्चावा, असं भाऊच म्हणाला होता.

नंदुरबारच्या बाजारात एक घड्याळजी होते, बापापासून तोच धंदा करणारे. त्यांच्याजवळ मी सहज विषय काढला. ते म्हणाले, "नवं घ्यायचं तर मुंबईला जा. जुनं चालत असेल तर कोरीटला एक म्हातारे आहेत. पूर्वी तळोद्याकडच्या एका जहागिरीत कारभारी होते. त्यांचं एक स्विस घड्याळ मी दरवर्षी साफ करतो. विकायचंय म्हणत होते. चीज अस्सल आहे, पण डबी नाही, पावती नाही, कागदाचा तुकडा नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

दिवाळी झाल्यावर मी कोरीटला गेलो. कारभारी ओसरीत खाटेवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कोट, आणि दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली. त्यांची विधवा लेक त्यांच्याजवळ राहायची. तिनं पाणी आणून दिलं आणि दाराच्या आत उभी राहिली. कारभाऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घड्याळ काढलं. रुमालात गुंडाळलेलं. तबकडी जरा पिवळी पडलेली, आकडे बारीक, काटे निळसर, आणि सोनं इतकं गुळगुळीत झालेलं की हाताला ऊबदार लागलं.

"डबी?" मी विचारलं.

"मला हातात मिळालं. डबी मी मागितली नाही."

"कोणी दिलं?"

"ज्यांचं होतं त्यांनी."

याच्यापुढे ते बोलेनात. विकायचं कारण मात्र सांगितलं. सुरतेला डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. "मला आता काटे दिसत नाहीत, पाटील. किल्ली देतो ती सवयीनं."

सौदा झाला. मी निघालो तेव्हा ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक करा. हे घालून तळोद्याकडे जाऊ नका."

का, असं विचारायला हवं होतं, पण घड्याळ माझ्या हाताला होतं आणि ते काढून परत द्यावंसं मला वाटलं नाही.

घरी भावानं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "डबी नही, कागद नही," तो म्हणाला. "चोरीनं निंघनं ते काय करशी?"

"चोर असा दिसस का तो? म्हातारा मानूस शे," मी म्हटलं.

"चोरले काय शिंगं ऱ्हातस?"

तेव्हापासून घड्याळ घालताना भावाचं ते बोलणं आठवायचं. जिनिंगमध्ये मी बाही मागे सारली खरी, पण व्यापाऱ्यानं विचारलं, "कुठून घेतलं?", तर मी भलतंच बोलून वेळ मारून नेली. बाजारात पोलीस दिसला की हात आपोआप खिशात जायचा. ज्यासाठी घेतलं ते सुख राहिलं बाजूला, आणि मी ते लपवतच फिरू लागलो.

मग सारंगखेड्याची जत्रा आली. आम्हाला गाडीसाठी घोडी बघायची होती. एक पंचकल्याणी, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली घोडी मला आवडली. तिचे दात बघायला मी हात वर केला, आणि पलीकडून कोणीतरी माझं मनगट धरलं.

माणूस माझ्याहून थोडा मोठा असेल. खाकी पॅन्ट, चामडी बूट, बोलणं शहरी. "हे कुठून आणलंत?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण बोटं सैल होत नव्हती.

"विकत घेतलं. हात सोडा."

"कोणाकडून?"

कारभाऱ्यांचे ते साय आलेले डोळे मला दिसत होते. नाव घेतलं तर म्हातारा अडकणार आणि न घेतलं तर मी. भोवती माणसं जमू लागली. घोडीवाल्यानं लगाम आखडून घोडी मागे घेतली, आमच्यापासून लांब.

"मागचं झाकण उघडा," तो म्हणाला. "आतल्या बाजूला चाकूनं मारलेली एक रेघ आहे, तिरपी. लहानपणी मी मारलीय ती. त्यासाठी मार खाल्लाय मी."

जत्रेतल्या पोलीस चौकीत हवालदारानं टेबलावर रुमाल पसरला आणि माझ्या पेनचाकूनं झाकण उघडलं. रेघ होती. तिरपी. मी इतके दिवस ते झाकण एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

"पावती?" हवालदारानं मला विचारलं.

"नाही."

"डबी?"

"नाही."

तो माणूस मध्येच म्हणाला, "कोरीटच्या म्हाताऱ्याकडून घेतलं ना? आमचाच कारभारी होता. माझे वडील गेले त्याच दिवशी हे घरातून नाहीसं झालं. तेव्हापासून मला ठाऊक आहे कोणी नेलं ते."

हवालदार वयस्क होता, उतावळा नव्हता. त्यानं विचारलं, "मग तेव्हा तक्रार का दिली नाही?"

तो माणूस जरा अडखळला. "आईनं देऊ दिली नाही."

"मग आधी आईसाहेबांना दाखवा. त्या सांगतील ते मी लिहून घेईन. घड्याळ मात्र तोवर कोणाकडे?"

"माझ्या हाताला," मी म्हटलं. मला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "मी पैसे मोजलेत. आईसाहेबांनी सांगितलं की उतरवून देईन." हवालदारानं दोघांकडे बघितलं आणि मान हलवली. भाऊ जत्रेतच होता. त्याला निरोप धाडला, तो धावत आला. नुसता माझ्या मनगटाकडे बघत राहिला.

त्या माणसाची जीप होती, लष्कराच्या लिलावातली. जहागीर गेल्यापासून तो तळोद्याला लाकडाची ठेकेदारी करायचा. खड्ड्यात जीप आदळली की त्याची नजर माझ्या हाताकडे जायची, घड्याळाला धक्का बसला की काय म्हणून. तळोद्याचा रस्ता लागला तेव्हा कारभाऱ्यांचे शब्द मला आठवले, आणि म्हाताऱ्यानं आपल्याला जाणूनबुजून गोत्यात टाकलं असं वाटून पहिल्यांदा मला त्यांचा राग आला.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं साधं कौलारू घर होतं, भाड्याचं. त्याची आई, बाईसाहेब, जोत्यावर बसून तूर पाखडत होत्या. मुलानं मला पुढे केलं. "आई, बघ. बाबांचं. त्या म्हाताऱ्यानं विकलं यांना. आता तरी सांग हवालदाराला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझा हात जवळ घेतला आणि तबकडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "चोरलं नाही त्यांनी."

"मग?"

"तुझ्या बाबांनी दिलं. माझ्यासमोर. हात इतका वाळला होता की पट्टा मीच सोडला."

ठेकेदार तसाच उभा राहिला. "कारभाऱ्याला? का?"

"दोनदा तार केली तुला बडोद्याला. बाबा सारखे विचारायचे, किती वाजले, गाडी आली असेल का. त्यांना काटे दिसत नव्हते. कारभारी उशाशी बसून सांगायचे. आता इतके वाजले, आता इतके. उठून जेवायलासुद्धा गेले नाहीत. शेवटी बाबा म्हणाले, हा माझ्याजवळ बसला, हे याचं. तुझं नाव घेऊन आणखीही काही बोलले. ते मी सांगणार नाही." त्या थांबल्या. "तू आलास आणि आधी घड्याळ शोधलंस. काय सांगणार होते मी तुला? बाप रागावून गेला म्हणून सांगू? मी नुसतं म्हटलं, तक्रार करू नकोस. कारभाऱ्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी काम सोडून गावी गेले."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. परक्या माणसानं ऐकावं असं ते नव्हतं. ठेकेदार भिंतीला टेकला. मग म्हणाला, "तार मिळाली होती. बाबा नेहमीच आजारी आहे म्हणून बोलवायचे. मला वाटलं, तसंच असेल."

आईनं सूप बाजूला सारलं.

मी घड्याळ सोडून जोत्यावर ठेवलं. खरं सांगतो, त्या घडीला मला ते हाताला नकोच झालं होतं. बाईसाहेबांनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं. "त्यांचं होतं, त्यांनी विकलं. तुमचं झालं," त्या म्हणाल्या. मुलाकडे मी बघितलं. त्यानं मान वळवली होती.

हवालदाराला तक्रार नाही म्हणून कळवलं. मला वाटलं, संपलं. पण ठेकेदार म्हणाला, "उद्या कोरीटला येता का माझ्याबरोबर? एकट्यानं त्या दारात जाणं मला जमायचं नाही."

रात्री तिथंच राहून सकाळी जीप तापीच्या अलीकडे ठेवून आम्ही नावेनं पलीकडे गेलो आणि पुढे बैलगाडी केली. नावेत तो एकदाच बोलला. "मी बाजारात लोकांना सांगत आलो, हा चोर आहे म्हणून. नंदुरबारला, शहाद्याला, सगळीकडे."

कारभारी खाटेवरच होते. ऑपरेशन व्हायचं होतं. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोण?" ठेकेदारानं नाव सांगितलं. म्हातारे उठायची धडपड करू लागले. त्यानं त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

"आईनं सांगितलं," तो म्हणाला.

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. "का सांगितलं त्यांनी?" ते म्हणाले. मग माझ्या दिशेला वळून, "पाटील, तुम्हाला सांगितलं होतं मी." मी म्हटलं, तळोद्याला मी गेलो नव्हतो, सारंगखेड्याच्या जत्रेत गाठ पडली. ते मान हलवत राहिले.

"इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" ठेकेदारानं विचारलं.

"बाईसाहेब बोलल्या नाहीत. मी कसा बोलणार? आणि बोललो असतो तर तुम्ही मानलं असतं का? माझ्याजवळ होतं काय दाखवायला?"

ठेकेदारानं त्यांच्या पायांना हात लावला. कारभारी पाय मागे घेऊ लागले. दोघंही अवघडून गेले होते. तेवढ्यात आतून लेक बाहेर आली. आधीच्या वेळी ती एक शब्द बोलली नव्हती. आता सरळ ठेकेदारासमोर उभी राहिली.

"मन्हा बापले ह्या गावमा चोर म्हनतस," ती म्हणाली. "त्यास्ना हातनं कोनी लगीनना चांदला घेत नही. तुम्ही घरमा यीसन सांगं. गावले कोन सांगी?" म्हणजे लग्नातला आहेरसुद्धा गाव त्यांच्या हातून घेत नव्हतं.

"गप ऱ्हाय," कारभारी म्हणाले.

ती जागची हलली नाही. ठेकेदार उठला. बूट न घालता तसाच बाहेर पडला. मी त्याच्या मागे गेलो, कारण तो काय करणार आहे हे मला कळेना. मारुतीच्या ओट्यावर गावातली माणसं ऊन खात बसली होती. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला अहिराणी नीट येत नव्हती. मराठीत सुरुवात केली, मग अडखळत त्यांच्या बोलीत आला. आपण कोण, ते सांगितलं. बापाला मरताना भेटायला आपण आलो नाही, आणि कारभारी उशाशी बसून राहिले, हे सांगितलं. घड्याळ बापानं आपल्या हातानं त्यांना दिलं. चोर म्हणालो ते खोटं होतं.

एकानं तंबाखू मळायची थांबवली. शेवटी एक म्हातारा बाजूला सरकून त्याला जागा करून देत म्हणाला, "बठ, भाऊ. उभा का शे?"

तो बसला. मी थोडा लांब उभा होतो. कारभाऱ्यांच्या दारात त्यांची लेक आली होती आणि तिनं बापाला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर आणलं होतं. त्यांना ओटा दिसत नव्हता. ती वाकून त्यांना सांगत होती, तिथं कोण कोण बसलंय ते, एकेकाचं नाव घेऊन.