मुलाकडे चार रात्री

नंदुरबारच्या त्या व्हिसा एजंटकडे आमची ही तिसरी खेप. म्हसावदहून एसटीनं यायचं म्हणजे माझे गुडघे बोलायला लागतात, आणि हा बाबा दर वेळी नवा कागद मागायचा. नको तो परदेश, असं झालं होतं मला.

आमच्या ह्यांच्या मते व्हिसा म्हणजे सुरतचंच काम. आमच्याकडे मोठा दवाखाना सुरतेला, लग्नाचा बस्ता सुरतेला, मग व्हिसा आणखी कुठे मिळणार? "सुरतले जाऊत, एक दिनमा काम व्हई जाई," असं आठवडाभर चाललं होतं. एजंट हसला.

"काका, शहराचं नंतर बघू. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते आधी ठरवा."

मला रागच आला. त्यात ठरवायचं काय, डोंबल? मुलगा जर्मनीत, आम्ही निघालो मुलाकडे. चार वर्षं झाली होती त्याला डोळ्यांनी बघून.

त्यानं मुलानं पाठवलेलं वेळापत्रक पुढे ओढलं आणि पेन्सिलीनं रात्री मोजल्या. मुलाच्या घरी चार. मग टूरबरोबर स्वित्झर्लंडमध्ये आठ. "दोन्ही देशांना एकच व्हिसा चालतो. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. नियम आहे, काकू."

ते वेळापत्रक मी दहादा पाहिलं होतं, बर्फाचे फोटो शेजारणींना दाखवून झाले होते. रात्री मात्र मोजल्या नव्हत्या.

"आणि दोन्हीकडे सारख्या असल्या तर?"

"मग आधी जिथे उतरणार, तो देश. म्हणजे जर्मनी."

सहा आणि सहा. दोनच रात्री इकडच्या तिकडे करायच्या होत्या! मी बाहेरच्या बाकावर येऊन मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामाला निघत होता.

"अरे, टूरच्या दोन रात्री कमी कर. आम्ही तुझ्याकडेच राहू."

"आई, आम्ही नवरा-बायको दोघंही कामावर. तुम्ही घरात बसून काय करणार? कंटाळाल."

"मला कधी मिळालंय रे कंटाळा येईपर्यंत बसायला? पोळ्या करीन. संध्याकाळी आलास की गरम गरम खाशील."

त्यानं दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "घर लहान आहे गं, तुमचीच गैरसोय होईल. थांब, बघतो."

आम्ही चहा घेतला. अर्ध्या तासानं नवं वेळापत्रक आलं. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. चार आणि आठ. फक्त दोन हॉटेलं बदलली होती, आणि खाली लिहिलं होतं, "आई, आता सगळीकडे शाकाहारी जेवण मिळेल. तुझी काळजी मिटली."

ह्यांना भरून आलं. "देख, कितली काळजी शे त्याले!"

काळजी होतीच. ती नाही असं कोण म्हणतंय? पण मला रडू यायला लागलं, म्हणून मी पदरानं चष्मा पुसत बसले.

आत गेलो. एजंटनं स्वित्झर्लंडचा अर्ज उघडला आणि भराभर भरायला घेतला. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "प्रवासाचा उद्देश काय टाकू? कुटुंबाची भेट, की पर्यटन?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पर्यटन टाका," मी म्हणाले.