आमचा बँड आठ मोजेपर्यंत का थांबतो

मंडळी, आज सकाळी लेकीच्या शाळेच्या बँडचं संचलन बघायला इथे कुवेतमध्ये सालमियाहून अब्बासियाला गेले होते. याच शाळेच्या पहिल्या बँडमध्ये मी होते.

मुलं वळली आणि पाहुण्यांसमोर थांबली. आठ मोजेपर्यंत जागेवरच कदमताल. सगळे पालक उठून उभे राहिले.

"ही पाहुण्यांना सलामी असते, अम्मी. पहिल्या बँडपासूनची ट्रॅडिशन आहे," झोयाने नंतर मला समजावलं. शाळेच्या वार्षिक अंकात बँडचा इतिहास तीच लिहितेय.

मग मला खरं सांगावंच लागलं.

आमच्याकडे तीन ड्रम आणि दोन बिगुल होते. मोठा ड्रम माझ्या गळ्यात, आणि त्याचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा. वळलं की ड्रम घसरून गुडघ्यावर यायचा. आमचे बँडचे सर म्हणायचे, "थांबा सगळे. आठ मोजा. फरीदाला पट्टा वर घेऊ दे."

पहिल्याच कार्यक्रमात तो नेमका पाहुण्यांसमोर घसरला. सवयीने सगळे थांबले. पाहुण्यांना वाटलं सलामी आहे, ते उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचेही. सरांनी शांतपणे सॅल्यूट ठोकला. पुढच्या वर्षीपासून ते थांबणं कायमचंच झालं.

झोया म्हणाली, "म्हणजे अख्खा बँड तुझ्यासाठी थांबायचा?"

मला मात्र इतकी वर्षं तो घसरलेला पट्टाच आठवत होता.

तुमच्यासाठी असं कोण थांबलं होतं?