डझनावर एक

आमच्या होळी गावच्या घरात किस्से केळीच्या लोंगरासारखे लागतात. एक फणी उतरवली की खाली दुसरी तयार! आणि माझ्या दोन्ही काकू परदेशी भाषा शिकायला लागल्यापासून तर विचारूच नका.

थोरली वत्सलाकाकू डच शिकते, कारण तिच्या लेकाने, अमितने, हॉलंडची अनेके नावाची बायको केली. धाकटी सुमनकाकू लाटव्हियन शिकते, कारण तिच्या निलेशने रिगाची इल्झे केली. दोघी जावा सकाळी वसईच्या बाजारात शेजारी शेजारी बसून वाडीतली केळी विकतात आणि रविवारी दुपारी ओटीवर माझ्यापुढे शिकायला बसतात. मी चंदनसारहून जाते. ऑफिसात डच कस्टमरांशी बोलायचं काम असल्यामुळे मला डच येतं. लाटव्हियन मात्र मी सुमनकाकूच्या एक धडा पुढे पळत पळत शिकले.

वत्सलाकाकूला हौस होती, सुमनकाकूला गरज. इल्झेची आई आरियाबाई व्हिडिओ कॉलवर यायच्या, मान हलवायच्या आणि गप्प! लग्न होऊन वर्ष झालं तरी विहीण विहिणीशी बोलली नव्हती. "पोरगी कुठल्या घरात पडली, असं वाटत असेल गो तिला," असं सुमनकाकू म्हणायची. त्या बाईने एकदा तोंड उघडावं, एवढंच तिला हवं होतं.

* * *

डचचा पहिलाच धडा अडला. त्यांचा 'ग' घशातून खरवडून काढायचा असतो आणि वत्सलाकाकूला तो काही जमेना. तेवढ्यात तिच्या यजमानांनी, म्हणजे नानाकाकांनी, मोरीत गुळण्या सुरू केल्या.

"अगदी हेच!" मी ओरडले.

काकूने कपाळाला हात लावला. "म्हणजे लग्न झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी डच बोलतोय, आणि मी त्याला गप्प बसवतेय!"

* * *

कुठली भाषा आपल्याला जवळची, यावर दोघींची कायम जुंपलेली. एकदा आकडे निघाले. डच माणूस एकवीस म्हणताना आपल्यासारखाच आधी एक म्हणतो, मग वीस. लाटव्हियन माणूस आधी वीस म्हणतो, मग एक.

"बघितलंस? हॉलंडवाले आपलेच!" वत्सलाकाकूने मांडीवर थाप मारली.

सुमनकाकू शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्यात देवाला दिएव्स म्हणतात. अग्नीला उगुन्स. आकडे तुमच्याकडे राहू द्या ताई, देव आमच्याकडे!"

आतून नानाकाका ओरडले, "आणि चहा कुणाकडे?"

* * *

लाटव्हियन मात्र नावालाही सोडत नाही. पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' चिकटवतात. आमच्या निलेशचं तिकडे निलेश्स झालंय, हे ऐकून सुमनकाकू भडकली.

"बारशाला नाव मी ठेवलंय! हा 'स' कुणाच्या घरचा?"

मी घाबरत घाबरत पुढचा नियम सांगितला. त्याला हाक मारायची असेल, तर तो 'स' गळून पडतो.

काकू पदराला हात पुसत म्हणाली, "असं होय. म्हणजे आई हाक मारते, ते खरं नाव. मग चालेल." त्या दिवसापासून तिने लाटव्हियनबद्दल वाकडा शब्द काढलेला नाही.

* * *

हॉलंडात वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, घरात जमलेल्या सगळ्यांचं अभिनंदन करतात. नातवाच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर अनेकेच्या आत्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वत्सलाकाकूचं अभिनंदन केलं आणि बाई हरखूनच गेली. एवढा मान तिला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता म्हणे!

झालं! नानाकाकांच्या वाढदिवसाला तिने दारात येईल त्याचा हात धरून हलवायला सुरुवात केली. दूधवाला बिचारा बावचळला. "काकू, पन मी काय केलं?"

"तू माझ्या नवऱ्याला ओळखतोस ना? बास, अभिनंदन!"

* * *

मग ते गुलाबांचं झालं. आरियाबाईच्या वाढदिवसाला सुमनकाकूने मोबाईलवर रिगाच्या फूलवाल्याची वेबसाइट स्वतः उघडली, स्वतः वाचली आणि स्वतः ऑर्डर दिली. लाल गुलाब, एक डझन. आयुष्यभर केळी विकलेली बाई, ती दुसरं काय मागवणार?

दुसऱ्या दिवशी मला इल्झेचा फोन आला. आवाज पडलेला. तिकडे फुलं नेहमी विषम संख्येत देतात. सम संख्येत फक्त मयताला! आरियाबाई गुलाबांकडे बघून खोलीत निघून गेल्या होत्या.

मी हे मराठीत सांगितलं आणि सुमनकाकू मटकन ओटीवर बसली. "विहीण बोलत नव्हती, आता तोंडही बघायची नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जावेला रोज चिडवणारी वत्सलाकाकूही तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

पण थोड्या वेळाने सुमनकाकूनेच डोळे पुसले. "माझंच चुकलं गो. बाजारात डझनावर एक केळं वर घातल्याशिवाय मी गिऱ्हाईक सोडत नाही. मग विहिणीला मोजून बारा कशी दिली? त्या मेल्या वेबसाइटवर वर एक द्यायची सोयच नाही!"

तिने तिथल्या तिथे तेरावा गुलाब मागवला. तो पोचल्यावर कॉल लावला आणि बोट वर करून म्हणाली, "वेल विएना!" म्हणजे आणखी एक. मग मला म्हणाली, "आता सांग तिला, आमच्याकडे मापावर एक देतात, आणि माझा द्यायचा राहिला होता."

मी सांगितलं. जमेल तसं. आरियाबाई हसल्या! तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसल्या. पण बोलल्या नाहीत.

* * *

यंदाच्या थंडीत आरियाबाई लेकीबरोबर आमच्या होळी गावी आल्या. तिसऱ्याच दिवशी सकाळी सुमनकाकूच्या मागोमाग बाजारात जाऊन तिच्या शेजारी पाटावर बसल्या. मी वत्सलाकाकूजवळ उभी होते.

फुलपाड्याहून एक बाई आल्या, भावावरून घासाघीस केली आणि एक डझन केळी घेतली. सुमनकाकूने केळी पिशवीत टाकली आणि बाईंनी दिलेले सुट्टे मोजायला मान खाली घातली. बाई निघाल्या.

आरियाबाईंनी पटकन त्यांची पिशवी धरली. टोपलीतलं एक केळं उचलून आत ठेवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"वर एक!"

सुमनकाकूच्या हातातले सुट्टे तसेच राहिले. वत्सलाकाकू उठली. तिने सुमनकाकूचा हात धरून हलवला, मग आरियाबाईंचा, मग माझा, आणि शेवटी त्या फुलपाड्याच्या बाईंचा.

"अभिनंदन!"